शून्याच्या आसपासचे रस्ते

परदेशातल्या थंडीचा विषय निघाला की आपल्या माणसांत आकड्यांची चढाओढ सुरू होते. एकाने उणे वीस सांगितले की दुसरा उणे तीस काढतो. रस्त्यांवर हवामानाची उपकरणं बसवण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर माझा या आकड्यांचा धाक गेला. उणे पंचवीसला अंगावर पुरेसे कपडे आणि गाडीत धडधाकट बॅटरी असली की निभावतं. घाबरायचं ते शून्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन-तीन अंशांना. तिथे बर्फ धड गोठलेला नसतो आणि धड वितळलेलाही नसतो. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि टायरला धरायला काहीच उरत नाही.

हिशेब सोपा आहे. कोरड्या डांबरावर ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण 36 मीटरमध्ये थांबते. कडाक्याच्या थंडीत दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला शंभरेक मीटर लागतात. शून्याजवळच्या ओल्या बर्फावर हेच अंतर अडीचशे मीटरवर जातं. म्हणून 'कुठला देश जास्त थंड' यापेक्षा 'कुठल्या देशातले रस्ते शून्याभोवती जास्त वेळा घुटमळतात' हा प्रश्न माझ्या कामाचा. आणि ती जोखीम कोण उचलतं, सरकार, गाव की स्टिअरिंगवर बसलेला माणूस, हा त्याहून मोठा प्रश्न. कॅनडापासून हिमाचलमधल्या लाहौलपर्यंत मला या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी मिळाली.

आधी काम काय ते सांगते. रस्त्यात चाकांच्या वाटेवर गोल भोक पाडायचं आणि त्यात तळहाताएवढी सेन्सरची चकती इपॉक्सीने पक्की करायची. ती डांबराशी अगदी सपाट बसली पाहिजे. नखभर वर राहिली तर पहिल्याच हिमवर्षावात स्नोप्लाऊचं पातं तिला उखडून नेतं. खाली राहिली तर तिच्यावर पाणी साचतं आणि सगळा रस्ता कोरडा असला तरी ती 'ओला, ओला' सांगत बसते. वायर करवतीने कापलेल्या चरातून कडेच्या खांबापर्यंत न्यायची. खांबावर हवेचं तापमान, आर्द्रता, वारा मोजणारी यंत्रं आणि एक कॅमेरा. चकती सांगते ती रस्त्याच्या पाठीची खबर: तिथलं तापमान किती, वर पाणी आहे की बर्फ, आणि टाकलेलं मीठ किती शिल्लक आहे.

हवेचं तापमान माहीत असताना रस्त्याचं वेगळं कशाला मोजायचं, असं मला आमच्या नातेवाइकांनीसुद्धा विचारलंय. मी साताऱ्याची, त्यामुळे उत्तर घरातलंच आहे. दर डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावरच्या हिमकणांचा फोटो पेपरात येतो. जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. त्याच दिवशी महाबळेश्वरचं अधिकृत किमान तापमान मात्र शून्याच्या चांगलंच वर असतं. मग चहाच्या टपरीवर हवामान खात्याची टर उडवली जाते. वास्तविक आकडा बरोबर असतो. तो माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, सावलीच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतच्या वस्तू आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतात आणि आसपासच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतात. तलावाच्या खोलगट भागात गार हवाही साचते. फळ्यांवर पडलेलं दंव मग तिथेच गोठतं.

रस्ताही हेच करतो. हवा अधिक तीनवर असताना डांबर उणे एकवर गेलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. गाडीच्या काचेसमोर 3 अंश दिसत असतात, चालक निर्धास्त असतो आणि चाकांखाली काचेसारखा, डोळ्यांना न दिसणारा बर्फ असतो. पुलावर तर आणखी वाईट. जमिनीतली ऊब त्याला मिळत नाही, थंड हवा वरूनही लागते आणि खालूनही. उत्तर अमेरिकेत पुलांच्या अलीकडे 'पूल रस्त्याआधी गोठतो' अशा अर्थाच्या पाट्या असतात त्या याचसाठी.

ओन्टारिओत मी सर्वांत जास्त काळ होते. टोरोंटोहून उत्तरेला बॅरीकडे जाणाऱ्या हायवे 400 वर ह्युरॉन सरोवर आणि जॉर्जियन बे यांच्यावरून आलेला वारा हिमाचे लोट घेऊन येतो. एका गावात स्वच्छ ऊन आणि दहा किलोमीटरवर समोरच्या गाडीचे लाल दिवेही दिसत नाहीत, असा प्रकार. आमची दुरुस्ती रात्री चाले, एक लेन बंद करून. एकदा चकतीची तुटलेली वायर जोडत असताना मागून निळे दिवे लुकलुकत आले. तिथे स्नोप्लाऊंना निळे दिवे असतात. चार ट्रक एकामागे एक, पण तिरके, प्रत्येकाचं पातं पुढच्याने कडेला टाकलेला ढीग आणखी बाजूला सारत होतं. रस्त्याची पूर्ण रुंदी एका फेरीत साफ. त्यांच्या मागे गाड्यांची लांबलचक रांग, एकही हॉर्न नाही. शेवटचा ट्रक आमच्याजवळ थांबला. चालक लुधियानाकडचा, गरम चहाचा थर्मास घेऊन उतरला. मी विचारलं, या रात्रींची भीती नाही वाटत? म्हणाला, "बर्फ से नहीं जी, जनवरी की बारिश से डर लगता है." त्याचं खरं होतं. वर हवा शून्याच्या वर आणि जमिनीलगत शून्याच्या खाली असली की पाऊस पाणी म्हणून पडतो आणि टेकल्याबरोबर गोठतो. जानेवारी 1998 मध्ये अशाच पावसाने पूर्व ओन्टारिओ आणि क्युबेकमधले विजेचे मनोरे बर्फाच्या वजनाने वाकवून जमीनदोस्त केले होते.

ओन्टारिओचं मुख्य हत्यार मीठ. ह्युरॉन सरोवराच्या काठावर गॉडरिच नावाचं गाव आहे, तिथे सरोवराच्या तळाखाली साडेपाचशे मीटरवर जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. कॅनडात दर वर्षी सुमारे 50 लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं. पण मिठाची ताकद तापमानावर असते. उणे एकच्या आसपास एक किलो मीठ 46 किलो बर्फ वितळवतं, उणे सातला जेमतेम आठ-नऊ किलो. उणे पंधराला मीठ टाकणं म्हणजे पैसे उधळणं. म्हणून आमच्या चकतीला तिथे किंमत. हवेच्या नव्हे, रस्त्याच्या तापमानावरून ठरायचं की मीठ टाकायचं, मिठाचं पाणी वादळाच्या आधीच फवारून ठेवायचं की नुसती वाळू टाकायची. आधी फवारलेल्या पाण्याच्या पांढऱ्या समांतर रेघा दिसल्या की लोक ओळखतात, उद्या हिम येणार. या मिठाची किंमत झरे आणि तळी चुकवतात. कॅनडाच्या सरकारनेच 2001 मध्ये रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक असल्याचा निष्कर्ष काढला, आणि मग ते जपून वापरण्याची आचारसंहिता आली.

पण मला मिठापेक्षा लक्षात राहिलं ते तासांचं गणित. ओन्टारिओत हमरस्त्यांचे वर्ग पाडलेत. पहिल्या वर्गाचा रस्ता वादळ थांबल्यापासून 8 तासांत काळा दिसला पाहिजे, दुसऱ्या वर्गाचा 16 तासांत, तिसऱ्याचा 24 तासांत. घड्याळ वादळ थांबलं की सुरू होतं. कोणी तक्रार करायची वाट बघत नाही. हे सगळं गोडगोड चालतं असंही नाही. कंत्राटं बदलल्यावर रस्ते साफ व्हायला लागणारा सरासरी वेळ 2.1 तासांवरून 4.7 तासांवर गेल्याचं तिथल्या महालेखापरीक्षकांनी 2015 मध्ये अहवालात छापलं आणि सरकारची चांगलीच पंचाईत झाली. मला त्यात आवडलं ते हे की वेळ मोजलेला होता, म्हणून वाढलेला दिसला.

या वचनाची दुसरी बाजूही आहे. रस्ता काळा करून देणं ही सरकारची जबाबदारी म्हटल्यावर चालक निवांत होतो. ओन्टारिओत हिवाळी टायर सक्तीचे नाहीत; विमा कंपन्या हप्त्यात सवलत देतात एवढंच. शेजारच्या क्युबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च ते सक्तीचे. ओटावा शहरातून पूल ओलांडून गातिनोला गेलं की कायदा बदलतो, बर्फ तोच.

फिनलंडमध्ये ओझं उलट्या बाजूला झुकलेलं दिसलं. नोव्हेंबर ते मार्च, हवामान तसं असेल तेव्हा, हिवाळी टायर लागतातच. परवाना काढतानाच घसरत्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे वेगमर्यादेचे आकडेच ऋतूप्रमाणे बदलतात. शरद संपला की अनेक रस्त्यांवर 100 ची पाटी 80 ची होते आणि मोटरवेवर 120 ची 100 ची. वसंतात परत वर. दंड टाळायचा म्हणून सगळे पाळतात असं मी धरून चालले होते. तिथल्या सहकाऱ्यांशी बोलल्यावर कळलं, त्यांना त्यात हुकूम दिसतच नाही. हिवाळ्यात घरून वीस मिनिटं आधी निघायचं, बस्स.

रोवानिएमीच्या उत्तरेला आमचे खांब बसवताना मीठ जवळपास दिसलंच नाही. उणे वीसला त्याचा उपयोग नाही, आणि नकोच असतं. हिम दाबून घट्ट करतात आणि दातेरी पात्याने त्यावर बारीक चरे पाडतात, की टायरला पकड मिळते. पांढऱ्या रस्त्यावरून मालाचे अजस्र ट्रक ऐंशीने जातात. हिमात रस्त्याची कड हरवू नये म्हणून पानगळीतच दोन्ही बाजूंना बारीक खांब रोवून ठेवतात. डिसेंबरात दुपारीच अंधारतं तेव्हा हेडलाइटमध्ये तेच दिसतात. आमच्या चकतीला तिथे अनेक आठवडे सांगण्यासारखं काही नसे. उणे अठरा, उणे एकवीस, उणे एकोणीस. ती जागी व्हायची ती मार्चमध्ये, दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठायला लागलं की.

फिनलंडचे चालक टायरला धातूचे खिळे, म्हणजे स्टड, सर्रास वापरतात. त्याची किंमत एप्रिलमध्ये कळते. खिळ्यांनी खरवडलेल्या डांबराची आणि हिवाळाभर टाकलेल्या खडीची धूळ शहरभर उडते आणि दम्याचे रोगी घराबाहेर पडत नाहीत. जपानमध्ये साप्पोरो आणि सेंडाईत हीच तक्रार 1980 च्या दशकात एवढी वाढली की 1990 मध्ये कायदा करून स्टडवर बंदीच आली. मग टायर कंपन्यांनी बर्फावर चिकटणाऱ्या मऊ, छिद्रांच्या रबराचे बिनखिळ्यांचे टायर बनवले. चालकाची सोय काढून घेतली ती चालणाऱ्याच्या फुप्फुसासाठी, हे मला फार जपानी वाटलं.

निइगाता प्रांतातल्या नागाओकाला मी बघायला म्हणून गेले होते, कामासाठी नव्हे. तिथला हिवाळा आमच्या भाषेत सर्वांत अवघड: तापमान शून्याच्या आसपास आणि समुद्रावरून येणारं हिम ओलं, जड, माणसाच्या उंचीपर्यंत साचणारं. मीठ टाकून टाकून किती टाकणार? त्यांनी रस्त्याच्या मधोमध नळ घातलेत. जमिनीखालचं पाणी बारा महिने तेरा-चौदा अंशांवर असतं. ते नळाच्या बारीक तोट्यांतून दोन्ही बाजूंना कारंज्यासारखं उडतं आणि पडलेलं हिम वाहून जातं. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्याजवळ हिम टिकत नाही हे गावातल्याच एका तांदळाच्या खाऊच्या कारखानदाराच्या लक्षात आलं आणि त्यातून 1960 च्या सुमारास ही कल्पना निघाली, असं तिथे सांगतात. पाण्यातल्या लोहामुळे नागाओकाचे रस्ते कोकणातल्या जांभ्यासारखे तांबडे झालेत. वाहतुकीचे सिग्नलही तिथे आडवे नसून उभे, त्यावर हिम साचू नये म्हणून. अर्थात हे तंत्र साप्पोरोत चालणार नाही. तिथे उडवलेलं पाणीच गोठेल. आणि भूजल इतकं उपसल्याने नागाओकाची जमीन खचू लागली, तेव्हा पाण्यालाही मर्यादा घालाव्या लागल्या.

त्याच प्रांतात ताकादा म्हणून जुनं गाव आहे. तिथे घरांच्या पुढच्या पडव्या एकमेकींना लागून किलोमीटरच्या किलोमीटर पसरल्यात. जागा प्रत्येकाच्या खासगी मालकीची, छप्पर दुरुस्त करायचं ते घरमालकाने, आणि खालून चालायचं ते सगळ्या गावाने. रस्ता हिमाने भरला तरी म्हातारी माणसं या पडव्यांतून बाजारापर्यंत कोरड्या पायांनी जातात. सरकारी तासांचं वचन नाही, चालकाला प्रशिक्षण नाही. शेजाऱ्याशेजाऱ्यांतला करार, तीनशे-चारशे वर्षं चाललेला.

हिमालयातलं काम हे या सगळ्यानंतरचं. 3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा सुरू झाला. 9.02 किलोमीटर लांब, 3978 मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीच्या पोटातून जाणारा. त्याआधी हिवाळ्याचे जवळपास सहा महिने लाहौल उरलेल्या देशापासून तुटलेलं असे. बोगदा झाला आणि हिवाळी वाहतूक सुरू झाली. मनालीहून हिम बघायला जाणाऱ्या गाड्यांत एमएच-12 आणि एमएच-14 च्या पाट्या मोजता येणार नाहीत इतक्या. पण बोगद्याच्या आत हिम नसतं. ते सोलंगपासून बोगद्याच्या तोंडापर्यंतच्या वळणांवर असतं. दुपारी ऊन असताना वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि डोंगराची सावली पडली की अर्ध्या तासात आरसा होतं. पुण्याहून आलेला चालक घाटात मुरलेला असतो, पण पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता उतरायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. हिम पडलं की पोलीस साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्याच सोडतात. उरलेलं सगळं चालकाच्या नशिबावर आणि सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांवर.

पाहणीसाठी जागा शोधत असताना एका वळणाच्या कठड्याला लाल फडकं बांधलेलं दिसलं. पुढच्या वळणावर आणखी एक. झारखंडातल्या दुमकाकडचा एक मजूर तिथे पत्र्याच्या डब्यातून माती टाकत होता. फडकी त्यानेच बांधलेली. तीनच्या सुमारास सावली जिथपर्यंत येते त्या जागेची खूण. फडक्याच्या वरच्या अंगाला आधी माती टाकायची, खालच्या अंगाला नंतर, कारण तिथे ऊन तासभर जास्त टिकतं. सूर्य सरकला की फडकंही तो पुढे सरकवत असे. चकत्यांसाठी निवडलेल्या जागांपैकी दोन जागा मी त्या फडक्यांवरून बदलल्या. पण उन्हाळ्यात तो शेतीला गावी गेला की ही माहिती त्याच्याबरोबर जाणार होती. ती कुठल्या नकाशावर नव्हती, कुठल्या वहीत नव्हती, आणि पुढच्या हिवाळ्यात तोच माणूस त्याच वळणावर येईल याची खात्री कोणालाच नव्हती.

सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. माझे वडील बांधकाम खात्यात मुकादम होते. तेव्हा रस्त्याच्या ठरावीक लांबीला ठरलेले मैलकुली असत. मृगाच्या आधी गटारं उपसायची, मोऱ्या मोकळ्या करायच्या, साइडपट्टीवरचं गवत काढायचं. कुठली मोरी पहिल्या मोठ्या सरीला तुंबते आणि कुठल्या खडकाला भेग गेलीय, हे त्यांना तोंडपाठ. मैलकुली निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत, कंत्राटं आली. त्यांच्या डोक्यातला रस्ता कोणी कागदावर उतरवून घेतला नाही.

आपल्याकडचा हिवाळा पावसाळ्यात येतो, असं मला इतके देश बघितल्यावर वाटतं. आपला डिसेंबर सुखाचा. रस्त्याची कसोटी जुलैत. शत्रू तोच, पाणी. टोरोंटोत ते डांबराच्या भेगेत शिरून गोठतं, गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं आणि मार्चमध्ये खड्डा देऊन जातं. मुंबईत ते न गोठताच खडीखालचा थर धुऊन नेतं. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाटातला रस्ता ठिकठिकाणी दरीत गेला. एवढ्या पावसापुढे कुठल्याही देशाचा रस्ता टिकला नसता, हे मान्य. प्रश्न त्याच्या अलीकडच्या रोजच्या पावसाचा आहे.

तासांची कल्पना आपल्याला परकी नाही. मुंबई महापालिकेने नोव्हेंबर 2019 मध्ये खड्डा दाखवा, 24 तासांत बुजवला नाही तर 500 रुपये घ्या, अशी योजना आणली होती. पण तिचं घड्याळ नागरिकाने खड्ड्याचा फोटो पाठवल्यावर सुरू होई. ओन्टारिओचं घड्याळ वादळ थांबल्यावर सुरू होतं. पहिल्यात रस्त्यावर नजर ठेवायचं काम माझं, दुसऱ्यात खात्याचं. मीठ, टायर, तांबडं पाणी, पडव्या ही ज्याच्या त्याच्या हवामानाची उत्तरं आहेत, ती उचलून आणता येत नाहीत. घड्याळ कधी सुरू करायचं हे मात्र कुठल्याही हवामानात ठरवता येतं.

आमच्या घाटांच्या तोंडाशी पाटी असते: दरडप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा. चालकाने काय करायचं ते तीत सांगितलेलं आहे. दरड आली तर खातं किती तासांत पोचणार आणि कोणत्या वळणावर कोणाचा माणूस उभा असणार, हे लिहायला त्याच पाटीवर खाली भरपूर जागा आहे.